सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही

१७७८ सालच्या अखेरीस कंपनी सरकारची एक फौज मुंबईहून निघून खंडाळ्याचा घाट चढली. रघुनाथरावांना पुण्याच्या कारभारावर बसवायचं, असा बेत होता. १७७९ च्या जानेवारीत फौज तळेगावाला पोचली तर गाव ओस आणि जाळलेलं. माणसाला दाणा नाही, जनावराला वैरण नाही. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून इंग्रज गुपचूप मागे फिरले. गुपचूप कसले, मराठे टपूनच बसले होते. वडगावात त्यांनी फौजेला असं कोंडलं की तिला ना पुढं जाता येईना ना मागं. मग तहाची बोलणी सुरू झाली. मराठ्यांच्या मागण्या ऐकल्यावर इंग्रजांच्या बाजूने सांगण्यात आलं, की असला तह करायचा अधिकार आम्हाला नाही, तो कलकत्त्याला. यावर महादजी शिंद्यांनी उलटा सवाल केला: मग कलकत्त्याच्या कर्नल अप्टनने पुरंदरला केलेला तह मोडलात, तो कुणाच्या अधिकारात?

सवाल बिनतोड होता. १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने युद्ध आणि तहाच्या बाबतीत मुंबई-मद्रासकरांना कलकत्त्याच्या देखरेखीखाली आणलं होतं. तरी मुंबईकरांनी १७७५ मध्ये रघुनाथरावांशी परस्पर सुरतेचा तह केला. कलकत्त्याने तो रद्द ठरवला आणि अप्टनला पाठवून १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. मुंबईकरांनी तोही गुंडाळून ठेवला. म्हणजे लढाई करायची तेव्हा अधिकार आमचा, आणि गळ्याशी आल्यावर अधिकार वरच्यांचा. १६ जानेवारीला वडगावचा तह झाला. साष्टीसह १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत देण्याचं इंग्रजांनी लिहून दिलं. फौज सुखरूप मुंबईला पोचली आणि सह्या करणाऱ्यांना अधिकारच नव्हता म्हणून तह नाकारण्यात आला. मोहिमेचे प्रमुख कार्नॅक आणि एजर्टन यांची नोकरी गेली. युद्ध पुढं १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं.

ही गोष्ट आज आठवायचं कारण फार मामुली आहे. मावळातल्याच एका गावात माझ्या गल्लीच्या तोंडाशी एक मोरी आहे. रस्त्याखालून पाणी पलीकडे जाण्यासाठी कुणीतरी कधीतरी बांधलेली. ती तुंबते आणि मावळातल्या पावसात तुंबलेली मोरी म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. मी अर्ज केला. पोहोच मिळाली, आवक क्रमांक पडला आणि महिनाभराने एका ओळीचं उत्तर आलं: सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. दुसऱ्या कार्यालयात गेलो, तिथूनही तेच वाक्य. इंग्रजांचा वकील कलकत्त्याकडे बोट दाखवतो आहे असंच वाटलं. फरक इतकाच, की माझ्या पाठीशी महादजींची फौज नव्हती.

राग गिळून विचार केला, की खरंच, मोरी कुणाची असते?

आपल्या राज्यघटनेचं सातवं परिशिष्ट म्हणजे वाटणीपत्र आहे. संसार कुणी कसा चालवायचा याचे तीन कागद त्यात आहेत. संघसूचीत मूळ ९७ विषय: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, टपाल, चलन, राष्ट्रीय महामार्ग, जनगणना. राज्यसूचीत मूळ ६६: पोलीस, शेती, जमीन, पाणी, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य संस्था. समवर्ती सूचीत मूळ ४७, म्हणजे सामाईक विहीर. दोघांनीही उपसावी, पण भांडण झालं तर सहसा केंद्राचा दोर आधी. यात कुठेच न लिहिलेलं जे उरलं, ते शेषाधिकार म्हणून केंद्राचं. वाटणीनंतर बांध सरकतातही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण आणि वनं राज्याच्या शेतातून काढून सामाईकात टाकली.

कागदावर हे सुटसुटीत दिसतं. आता वडगाव मावळला येऊन उभे राहा. हे तालुक्याचं ठाणं. तहसील कचेरी, पंचायत समिती, न्यायालय, पोलीस ठाणं सगळं इथंच. गावाला लागून रेल्वे जाते, ती केंद्राची. जुना मुंबई-पुणे रस्ता राष्ट्रीय महामार्ग. पूर्वी त्याचा क्रमांक ४ होता, आता ४८ आहे. महामार्ग राष्ट्रीय म्हटल्यावर सगळं दिल्लीचं, असं वाटेल. पण १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा केंद्राला आपलं काम राज्याकडे सोपवू देतो आणि या टापूत तर रस्त्याची देखभाल अनेक वर्षं राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे राहिली. द्रुतगती मार्गही त्याच महामंडळाने बांधला. महामार्गावरून आत वळलात की रस्ता कधी सार्वजनिक बांधकाम विभागाचा, कधी जिल्हा परिषदेचा, कधी नगरपंचायतीचा. एखादा पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला, एखादा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतला. गाडी चालवणाऱ्याला यातलं काही कळत नाही. खड्डा लागला की तो सगळ्यांना मिळून एकच शिवी देतो.

लोणावळा-पुणे लोकलचं उदाहरण घ्या. डब्यात पाकीट मारलं गेलं तर तक्रार कुणाकडे? रेल्वे केंद्राची म्हणून आपण खाकीतल्या रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाकडे जातो. तो बोट दाखवतो लोहमार्ग पोलिसांकडे. त्यात त्याची टाळाटाळ नसते. पोलीस हा राज्याचा विषय आणि घटनेने त्या नोंदीत रेल्वे पोलीसही धरलेत, म्हणून प्रवाशाच्या पाकिटाचा गुन्हा राज्याच्या लोहमार्ग पोलिसांकडे. रेल्वेची तांब्याची तार चोरीला गेली तर ती मात्र सुरक्षा दलाची, कारण ती रेल्वेची मालमत्ता. एकाच फलाटावर दोन वर्द्या, दोन पगारपत्रकं, दोन साहेब. आणि स्टेशनाबाहेर आलात की तिसरंच. वडगाव मावळ पोलीस ठाणं पुणे ग्रामीणच्या अधीक्षकांखाली आणि शेजारचं तळेगाव १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडच्या पोलीस आयुक्तांखाली. हद्दीवरून माणूस हेलपाटे घालतो हे ओळखून आता नव्या फौजदारी कायद्यात तरतूद आहे, की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, समोरच्या ठाण्याने तो शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचा. ‘अखत्यारीत येत नाही’ हे उत्तर कायद्याने मोडीत काढलेलं मला माहीत असलेलं हे एक ठिकाण. दुसरं पुढे येईल.

कारल्याला गेलात तर ही वाटणी पावलांत मोजता येते. लेणं केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. त्याच्या तोंडाशीच एकवीरा आईचं देऊळ, ते देवस्थानाकडे आणि सार्वजनिक विश्वस्तसंस्था म्हणून राज्याच्या धर्मादाय यंत्रणेच्या नजरेखाली. भक्ताला पायरीगणिक सरकार बदलल्याचा पत्ता नसतो, आणि नसावाच.

आतापर्यंत दोनच भावांची वाटणी सांगितली. तिसरा कुठे आहे?

तिसरा म्हणजे गाव. मूळ घटनेत ग्रामपंचायती आल्या त्या चाळिसाव्या अनुच्छेदात, मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. राज्याने त्या स्थापाव्यात अशी अपेक्षा, पण न स्थापल्यास कोर्टात दाद नाही. महाराष्ट्राने इथे घाई केली हे मात्र मान्य करावं लागेल. वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या उभ्या राहिल्या. देशासाठी त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती यायला १९९३ उजाडावं लागलं. पंचायतींसाठी अकराव्या परिशिष्टात २९ विषय आले, शहरांसाठी बाराव्यात १८. दर ५ वर्षांनी निवडणूक, राखीव जागा, राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग हे सगळं आलं.

पण त्या दुरुस्तीची भाषा बारकाईने वाचायला हवी. राज्याचं विधिमंडळ हे अधिकार पंचायतींना देऊ शकेल, असं तिथे म्हटलंय. देईलच असं नाही. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर मालक म्हणून दोघांचीच नावं आहेत. गावाची नोंद झाली ती ‘इतर हक्क’ या रकान्यात. वहिवाट तुझी, राबायचं तू, पण मालकी विचारू नकोस. ब्राझीलच्या १९८८ च्या घटनेने नगरपालिकांना थेट संघराज्याचा घटक मानलं आणि दक्षिण आफ्रिकेच्या घटनेने तर ‘स्तर’ हा शब्दच टाळला. तिथे शासनाची तीन क्षेत्रं आहेत, वरची-खालची नव्हेत. आपल्याकडे आपण ‘वरून निधी आला’ असंच म्हणतो. हा ‘वरून’ जिभेवर इतका बसलाय की दिल्ली, मुंबई आणि पाऊस तिन्ही एकाच दिशेला असल्यासारखे वाटतात.

इतर हक्कातली नोंद किती कच्ची असते याचा पुरावा ताजा आहे. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. घटनेनुसार मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी होती. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचना, न्यायालय असं होत होत पुढची तीन वर्षं उलटून गेली आणि कारभार प्रशासकाच्या हातात राहिला. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्याला मुदत घालून द्यावी लागली. लोकसभा किंवा विधानसभा अशी तीन वर्षं रिकामी ठेवण्याचं कुणाच्या मनात तरी येईल का?

खुद्द वडगावची गंमत वेगळी. २०१८ मध्ये वडगावची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. खेड्याचं शहर होत असतानाच्या मधल्या अवस्थेसाठी घटनेने ही सोय ठेवली आहे. त्यामुळे ग्रामसेवक गेला, मुख्याधिकारी आला, निधीची दारं बदलली. पण दोन गोष्टी हातून गेल्या आणि त्यांचा फारसा गाजावाजा झाला नाही. एक, पंचायत समितीची इमारत वडगावात, पण वडगावकर आता तिचा सदस्य निवडत नाही, आणि जिल्हा परिषदेचाही नाही, कारण या दोन्ही संस्था ग्रामीण भागाच्या. दुसरी गोष्ट मोठी. ग्रामसभा गेली. गावात कुणीही मतदार उठून सरपंचाला जाब विचारू शकत होता, तो हक्क राज्याच्या कायद्याने ग्रामसभेला दिलेला आहे. नागरी भागात वॉर्ड समित्या बंधनकारक आहेत त्या ३ लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत. वडगावएवढ्या गावाला तशी सक्ती नाही. म्हणजे बढती मिळाली आणि बोलायची जागा गेली.

वाटणी चुकली की काय होतं याचं मावळाइतकं जिवाला लागणारं उदाहरण दुसरीकडे शोधायला नको. पवना धरण मावळात आहे. त्याचं पाणी नदीत सोडलं जातं, नदीतून ते खाली रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथे पिंपरी-चिंचवड महापालिका ते उचलते. महापालिकेने ठरवलं की पाणी थेट धरणातून बंद जलवाहिनीने निगडीपर्यंत आणायचं. म्हणजे गळती नाही, प्रदूषण नाही. शहराच्या बाजूने हे पटण्यासारखं होतं. नदीकाठच्या शेतकऱ्याला मात्र दुसरंच दिसत होतं. पाणी नळीतून गेलं की नदी कोरडी, नदी कोरडी झाली की काठच्या विहिरी आणि उपसा पंप कोरडे. शिवाय धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यातल्या अनेकांचं पुनर्वसन पिढी उलटली तरी रखडलेलं. आधी जमीन घेतली, आता पाणीही नेणार, असा तो हिशोब होता.

यात कोण कोण होतं ते मोजून पाहा. पैसा केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतला. त्या योजनेत अशा शहरांसाठी ५० टक्के केंद्र, २० टक्के राज्य, ३० टक्के स्थानिक संस्था असा वाटा होता. धरण आणि पाण्याचा कोटा राज्याच्या जलसंपदा विभागाचा. काम महापालिकेचं. जमीन ग्रामपंचायतींच्या शिवारातली. बंदोबस्त राज्याच्या पोलिसांचा. प्रत्येकाची फाइल आपापल्या परीने पूर्ण असू शकते. ९ ऑगस्ट २०११ ला, क्रांतिदिनाच्या दिवशी, शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी गेले, त्यात एक महिला होती.

प्रकल्प थांबला तो ‘जैसे थे’ या दोन शब्दांवर. २०२३ मध्ये राज्य सरकारने ती स्थिती उठवली, तेव्हा मावळ पुन्हा पेटून उठला. पक्ष बाजूला ठेवून पुढारी एकत्र आले. आपल्याकडे हे सहजासहजी होत नाही.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच. गाव आणि शहर यांच्यात पाण्यावरून भांडणं होणार, हे घटनेला माहीत होतं. म्हणून चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती सांगितली. पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक बाबींचा विचार करून तिने जिल्ह्याची एक योजना करायची. सामाईक बाबी कोणत्या, तर त्यात पाण्याची वाटणी हे शब्द चक्क लिहिलेले आहेत. बहुतेक सदस्य निवडून आलेल्या स्थानिक प्रतिनिधींमधून घ्यायचे, म्हणजे मावळचा जिल्हा परिषद सदस्य आणि पिंपरीचा नगरसेवक एका टेबलावर. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ मध्ये कायदाही केला. आज ‘डीपीडीसी’ म्हटलं की आपल्याला आठवतं काय? पालकमंत्री अध्यक्ष, कुणाला किती निधी मिळाला, कुणाची कामं डावलली, आणि बाहेर पत्रकारांचे माइक. बांधावरच्या भांडणासाठी बांधलेला चौथरा निधी वाटपाचा ओटा झाला. बऊरच्या शेतकऱ्याला बोलायला जी जागा घटनेने नेमून दिली होती, ती त्याला सापडली नाही. रस्ता सापडला.

पाण्याच्याच आणखी दोन गोष्टी. लोणावळ्याचं भुशी धरण पावसाळी पर्यटकांचं आवडतं. ते रेल्वेचं आहे, वाफेच्या इंजिनांना पाणी लागे त्या काळातलं. मागचे धबधबे वनखात्याच्या हद्दीत. तिथे जाणारी गर्दी, कचरा, भजी-मक्याच्या टपऱ्या नगरपरिषदेच्या डोक्याला. बंदोबस्त पोलिसांचा. ३० जून २०२४ ला तिथल्या धबधब्याच्या लोंढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाईचे आदेश निघाले, सूचनाफलक आले. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ ला, रविवारी दुपारी इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पुलाजवळ धोक्याची पाटी होती. नव्या पुलाची मंजुरीही झालेली होती. आणि पहिल्या दिवसापासून चर्चा सुरू झाली ती हीच, की पूल नक्की कुणाच्या ताब्यात.

जिथे एका खात्याची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते तिथेच माणसं बुडतात, हा योगायोग मला वाटत नाही. शेताच्या मधोमध तण काढायला मालक असतो. बांधावरचं तण दोघंही एकमेकांसाठी ठेवतात.

आता पैशाचं बोलू, कारण अधिकार आणि निधी यांचं लग्न आपल्याकडे फारसं जमलेलं नाही. लोणावळ्यात शंभर रुपयांची चिक्की घ्या आणि बिल फेकू नका. खाली अडीच रुपये सीजीएसटी, अडीच रुपये एसजीएसटी. पहिले अडीच केंद्राचे, दुसरे महाराष्ट्राचे. केंद्राच्या अडीचमधले सगळे तिकडेच राहत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी वाटपयोग्य करांचे ४१ टक्के राज्यांना ठरवले, म्हणजे अडीच रुपयांतला ढोबळमानाने १ रुपया २ पैसे. त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के, म्हणजे साडेसहा पैसे. बाकीचे पैसे इतर राज्यांकडे जातात, त्यात कमी उत्पन्नाच्या, जास्त लोकसंख्येच्या राज्यांचा वाटा मोठा. यावर मुंबई-पुण्यात कुरकुर फार ऐकू येते, मला ती पटत नाही. आपल्या राज्यातही पुण्याचा पैसा नंदुरबारला जातो आणि जावा असंच आपण म्हणतो. हीच चिक्की बंगळूरच्या गिऱ्हाइकाने घरपोच मागवली तर राज्याचे अडीच रुपये कर्नाटकाला मिळतात, कारण हा कर माल जिथे खपतो तिथला.

या बिलात नसलेलं नाव पाहा. लोणावळा नगरपरिषदेची ओळ त्यात नाही. जकात होती तेव्हा नाक्यावर पावती फाटायची, ती कधीच गेली. चिक्कीचं वेष्टन मात्र रस्त्यावर पडतं आणि ते उचलायचं काम नगरपरिषदेचं. तिच्या हाती घरपट्टी, पाणीपट्टी आणि ‘वरून’ येणारं अनुदान. २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतीत बसलात तर ‘पंधरावा वित्त’ हा शब्द दर दुसऱ्या वाक्यात यायचा. तो पैसा थेट यायचा हे चांगलं, पण त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. उरलेला ४० टक्के अबंधित. पूल दुरुस्त करायचा, दवाखान्याला गाडी घ्यायची की शाळेचं छप्पर, याची सगळी रस्सीखेच त्या चाळिसात. गावातली माणसं पैसे खातात म्हणून बंधन हवं, असा युक्तिवाद नेहमी होतो. खात असतीलही. पण मुंबईत आणि दिल्लीत कुणी खात नाही म्हणून तिथे अबंधित ठेवलाय, असं तर नाही ना?

जीएसटी परिषदेत केंद्राचं मत एक तृतीयांश वजनाचं, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. हिशोब करा: केंद्र नाही म्हणालं तर ठराव पडतो, आणि पुरेशी राज्यं एकत्र आली तर तीही केंद्राला अडवू शकतात. या टेबलावर नगराध्यक्ष किंवा सरपंचाला खुर्ची नाही.

केंद्र आणि राज्य यांच्यातलं नातंही नेहमी भावाभावाचं नसतं. सप्टेंबर २०२२ मध्ये तळेगावला येईल असं वाटणारा वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातला जाहीर झाला, तेव्हा मावळातल्या चहाच्या टपरीवर लोक संघराज्यावर वाद घालत होते, शब्द वेगळे वापरत होते इतकंच. जमीन, पाणी, वीज, सवलती राज्यांनी द्यायच्या, निम्म्या खर्चाचं अनुदान केंद्राने, आणि राज्यांनी एकमेकांवर बोली चढवायची. पुढच्या वर्षी ती भागीदारीच मोडली आणि दोन्हीकडच्या टपऱ्या गप्प झाल्या.

मतदाराकडून अपेक्षा अशी, की त्याने हे सगळं लक्षात ठेवून मत द्यावं. मावळ लोकसभा मतदारसंघ घाटाच्या दोन्ही अंगांना पसरलाय: वर मावळ, चिंचवड, पिंपरी आणि खाली पनवेल, कर्जत, उरण. खासदार एक, जिल्हे दोन, प्रश्नांचा मेळ कुठेच नाही. तरी सभेत त्याला गटाराबद्दल विचारतात आणि नगरसेवकाच्या उमेदवाराला काश्मीरबद्दल. खासदारही हुशार, गटाराचं आश्वासन देऊन टाकतो. निधी आहे म्हणतो. त्याच्या स्थानिक विकास निधीतून गटाराचा तुकडा होतोही. मग तो कुणाचा? पुढच्या वर्षी तुंबला की साफ कुणी करायचा? बांधणाऱ्याच्या नावाची कोनशिला लागते, देखभाल करणाऱ्याच्या नावाची कधीच लागत नाही.

कोनशिलेवरून माझी मोरी आठवली. तिच्यावर तीही नाही.

तिसऱ्या अर्जाला मी माहिती अधिकाराचा शिक्का लावला. मघाशी दुसरं ठिकाण म्हटलं ते हे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात कलम ६ च्या तिसऱ्या पोटकलमात असं आहे, की मागितलेली माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज घेणाऱ्या कार्यालयाने तो ५ दिवसांच्या आत स्वतः तिकडे पाठवायचा आणि अर्जदाराला तसं कळवायचं. म्हणजे हद्द शोधायचं ओझं अर्जदाराच्या खांद्यावरून कार्यालयाच्या खांद्यावर. मी एवढंच विचारलं: ही मोरी कोणत्या वर्षी, कोणत्या योजनेतून, कोणी बांधली आणि तिची देखभाल कोणाकडे आहे. अर्ज एकीकडून दुसरीकडे गेला, दुसरीकडून तिसरीकडे. प्रत्येक वेळी मला एक प्रत आली, खाली ‘माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव’ अशी. पाकिटांचा लहानसा गठ्ठा झाला. अखेर उत्तर आलं, सहीशिक्क्यानिशी: सदर मोरी या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.

पत्र घेऊन मी मोरीपाशी गेलो. पाऊस भुरभुरत होता. शेजारचे तात्या फावडं घेऊन आत उतरले होते आणि गाळ काढत होते. पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते ओल्या हाताने घेतलं, चष्म्याशिवाय लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, “नाहीच म्हणतायत ना? मग जरा बाजूला व्हा, नसलेल्या मोरीचा गाळ पडेल अंगावर.”